राणीच्या खुर्चीखालचा उंदीर

पत्र :

"ताई, मी कोल्हापूरची, वय ६६. सहा महिन्यांसाठी लेकीकडे लीड्सला आलेय. लेक-जावई दोघंही नोकरीवर, त्यामुळे शाळा सुटली की साडेचार वर्षांची नात माझ्याकडे. ती रिसेप्शनच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या शाळेच्या पहिल्याच वर्गात आहे. शाळेतून चिठ्ठी आली, की सध्या 'राजे आणि राण्या' हा विषय आहे, ही पाच गाणी घरी म्हणून घ्या आणि त्यावर मुलांशी बोला. गाणी तिला तोंडपाठ आहेत. पण 'म्हणजे काय गं?' विचारलं तर म्हणते, 'म्हणजे काही नाही, ते गाणं आहे.' माझं इंग्रजी दुकानापुरतं. मी मराठीत समजावायला गेले तर लेक म्हणते, आई, तू गोंधळ वाढवू नकोस, नुसतं म्हणून घे. त्यात एका गाण्यात पक्षी कामवालीचं नाक तोडून नेतो, दुसऱ्यात राजा चोराला बडवतो. हे लेकरांना शिकवायचं? आणि आमचे हे कोल्हापुरातून फोनवर म्हणतात, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या राजाची गाणी माझ्या नातीला कशाला? मी नक्की काय करू?"
— एक आजी

नमस्कार ताई,

तुमच्या नातीचं उत्तर मी दोनदा वाचलं. 'म्हणजे काही नाही, ते गाणं आहे.' बालवाडीत तीस वर्षं काढली, पण बडबडगीताची इतकी नेमकी व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती. तिचं बरोबर आहे. 'आडगुलं मडगुलं' म्हणताना तुम्ही तरी 'मडगुलं' म्हणजे काय याचा कधी विचार केला होता का? गाणं आधी जिभेवर बसतं, अर्थ नंतर येतो, कधीकधी येतही नाही, आणि काही बिघडत नाही.

शाळेनं मात्र दोन गोष्टी सांगितल्यात. म्हणून घ्या आणि बोला. लेकीनं पहिली उचलली, दुसरी सोडली. गाणं म्हणण्यानं कान तयार होतो, हे खरं. ऑक्सफर्डमध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली दाखवलं, की चार-पाच वर्षांच्या मुलांना शब्दांतले सारखे आवाज ओळखता येणं आणि पुढे त्यांना वाचता येणं यांचा जवळचा संबंध असतो. यमक जुळवत म्हटलेली गाणी तो कान घडवतात. पण शब्द वाढतात ते गप्पांतून. पुस्तकातल्या चित्रावर मुलाशी बोलत बोलत, त्यालाच बोलतं करत वाचलं तर त्याची भाषा वेगानं वाढते, हे अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये मांडलं. गाण्यांनाही मी तेच लावते. थोडक्यात, तुमचं इंग्रजी दुकानापुरतं असलं तरी अडत नाही, कारण तुमच्या वाट्याचं काम गप्पांचं आहे आणि ते तुम्ही मराठीत करायचं आहे.

लेकीला हेही सांगा, की इंग्लंडच्या बालशिक्षणाच्या सरकारी चौकटीतच लिहिलंय, घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांना ती भाषा खेळताना-शिकताना वापरायची संधी मिळावी म्हणून शाळांनी प्रयत्न करायचे. गोंधळ होत नाही. मूल दोन भाषा मिसळून बोलतं तो गोंधळ नसतो, दोन्ही खिशांत हात घालून जो शब्द आधी लागेल तो काढणं असतं.

आता गाण्यांकडे येऊ. पाचांपैकी मी तुमच्या जागी असते तर मांजरीच्या गाण्यापासून सुरुवात केली असती. 'पुसी कॅट, पुसी कॅट'. मांजरीला विचारतात कुठे गेली होतीस, ती म्हणते राणीला भेटायला लंडनला. तिथे काय केलंस, तर राणीच्या खुर्चीखालच्या उंदराला घाबरवलं. संपलं गाणं. दोन प्रश्न, दोन उत्तरं, म्हणजे गाणं स्वतःच गप्पा आहे. तुम्ही विचारणाऱ्या व्हा, तिला मांजर होऊ दे, मग उलटं करा. (आणि उच्चारांची काळजी सोडा. इथे 'बीन' आणि 'क्वीन' यांचं यमक जुळतं, आणि आपण कोल्हापुरी माणसं 'बीन' दीर्घच म्हणतो. या गाण्यात तुमचा उच्चार अमेरिकन माणसापेक्षा बरा आहे.)

या गाण्यातली खरी गंमत, की सगळं महत्त्वाचं त्यात सांगितलेलंच नाही. इतक्या लांब जाऊन मांजरीनं राणी बघितली की नाही? राजवाड्यात उंदीर आला कुठून? राणी तेव्हा खुर्चीत बसली होती का? बसली असेल तर तिनं काय केलं? ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी सूचना : ज्याचं उत्तर गाण्यात आहे असा प्रश्न विचारू नका. 'मांजर कुठे गेली?' ही परीक्षा झाली, मूल एका शब्दात उत्तर देतं आणि विषय मिटतो. जे तुम्हालाही माहीत नाही ते विचारा. मग ती विचार करते, आणि विचार करायला लागली की शब्द कमी पडायला लागतात. नेमकी तीच वेळ शब्द द्यायची.

कशी ते सांगते. समजा ती म्हणाली, 'आजी, राणी स्केअर्ड झाली.' तिला थांबवून 'मराठीत बोल' म्हणू नका. म्हणा, 'घाबरली? की नुसती दचकली?' मग दचकून दाखवा. दचकणं हे क्षणभराचं, घाबरणं त्याहून लांबतं, बिचकणं म्हणजे जवळ जायला कचरणं, आणि धसका घेतला की तो रात्री झोपेतही येतो. उंदीर दचकला, की बिचकला, की त्यानं मांजरीचा धसकाच घेतला आणि तो राजवाडा सोडून गेला? इंग्रजी गाण्यातल्या एका 'फ्रायटन्ड'मधून मराठीतले चार शब्द बाहेर येतात, आणि प्रत्येकाला तुमच्या अंगातली एक हालचाल चिकटलेली असते. असे शब्द विसरत नाहीत.

ती गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. आपल्याला, विशेषतः आम्हा शिक्षिकांना, शांतता सोसत नाही, आणि मुलाचं उत्तर ओठांवर येत असतानाच आपण आपलं सांगून मोकळ्या होतो.

आणि मग तिला आपला उंदीर भेटवा. टोपीवाला. चिंधी सापडते, धोब्याकडून धुऊन घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, वर गोंडा लावतो आणि ढोलकं बडवत राजाच्याच गावात 'माझी टोपी राजाच्या टोपीपेक्षा छान' असं सांगत फिरतो. राजा टोपी काढून घेतो तर हा राजालाच भिकारी ठरवतो, परत देतो तर म्हणतो, राजा मला भ्याला. ढुम् ढुम् ढुमाक! लंडनचा उंदीर खुर्चीखाली दडून बसतो, आपला उंदीर राजाला गावभर चिडवतो. दोघांची गाठ पडली तर? हा प्रश्न मी तुमच्या नातीला स्वतः विचारायला आले असते, भाडं परवडलं असतं तर.

नाक तोडणारं गाणं म्हणजे 'सिंग अ साँग ऑफ सिक्सपेन्स'. पाचांत हे सगळ्यात श्रीमंत. भाकरीच्या आवरणात, म्हणजे 'पाय'मध्ये, चोवीस काळे पक्षी भाजले, आणि कापल्यावर ते गायला लागले. मुलं इथे अडतात, भाजलेले पक्षी गातील कसे? याचं उत्तर आहे. जुन्या युरोपात मेजवानीतली ही करमणूकच होती. १५४९ साली छापलेल्या एका इटालियन पाकपुस्तकात अशा पायची कृती आहे, की आधी नुसतं आवरण भाजायचं आणि मग आत जिवंत पक्षी सोडायचे, कापलं की भुर्रर्र. नातीसाठी कागदाचे पक्षी करून पोळ्यांच्या डब्यात भरा, वर फडकं बांधा आणि तिला उघडू द्या. 'पाय' म्हणजे काय हे सांगायला 'मोठी करंजी' पुरे, पण करंजी करताना सांगितलंत तर जास्त पुरे. ब्लॅकबर्ड तर तिला दाखवायलाही लागणार नाही. पिवळ्या चोचीचा काळा नर इंग्लंडच्या कुठल्याही हिरवळीवर गांडुळं ओढत असतो. त्याचाच भाऊबंद आपल्या सह्याद्रीत असतो, कस्तूर म्हणतात त्याला.

या गाण्यात चोवीसला 'फोर अँड ट्वेंटी' म्हटलंय. जुनं इंग्रजी वळण आहे, आजच्या इंग्रज मुलांना ते उलटंच वाटतं. तुमच्या नातीला वाटू नये. आपल्याकडे 'चोवीस' म्हणजे चार आधी, वीस नंतर. पंचवीस, सव्वीस, बहुतेक तसेच. मराठी आकडे शिकताना आपल्याकडची मुलं 'उलटे का?' म्हणून कुरकुरतात ना, तेव्हा हे गाणं म्हणा. कधीकाळी इंग्रजही असेच मोजायचे.

सिक्सपेन्स म्हणजे अर्ध्या शिलिंगाचं, मुळात चांदीचं नाणं. १५५१ पासून निघालं आणि १९८० साली चलनातून गेलं. आपल्या अधेलीची जागा, आठ आणे. आपण १९५७ साली आणे सोडले आणि नंतर कितीतरी वर्षं 'चार आणे, आठ आणे' म्हणत राहिलो. त्यांनी १९७१ साली शिलिंग सोडले आणि गाण्यात ठेवले.

नाण्यांवरून आठवलं. घरातली सुट्टी नाणी तिच्यासमोर ओता. बऱ्याच नाण्यांवर एलिझाबेथ राणीचा चेहरा असेल, उजवीकडे पाहणारा. एखाद्यावर चार्ल्स राजा असेल, डावीकडे पाहणारा. ती नाणी वेगळी करू दे. राणी ८ सप्टेंबर २०२२ ला गेली आणि त्यानंतर राजाची नाणी यायला लागली. म्हणजे तुमची नात लहानगी असतानाच चेहरा बदलला. 'का बदलला?' यावर ती काय म्हणते ते मला जरूर कळवा. आणि राजाचं एक पौंडाचं नवं नाणं सापडलं तर मागे मधमाश्या आहेत. गाण्यातला राजा पैसे मोजत बसतो आणि राणी मध-पाव खाते. दोघांची सोय एकाच नाण्यावर झाली.

आता तुमच्या नाकाकडे. ते गाणं कुणी काय करायचं ते एका दमात सांगून टाकतं, राजा मोजणार, राणी खाणार, आणि कामवाली बागेत कपडे वाळत घालणार. नाकही तिचंच जाणार. तुम्हाला खटकलं ते नुसतं नाकासाठी, की यासाठीही? मला यासाठी खटकतं. पण म्हणून मी ती ओळ गाळणार नाही. मी विचारीन, 'आज राणीनं कपडे वाळत घातले आणि कामवालीनं मध खाल्ला तर पक्षी कुणाचं नाक नेईल?' साडेचार वर्षांचं मूल न्याय-अन्यायाबद्दल आपल्यापेक्षा कडक असतं. एकदा माझ्या वर्गात 'पैसे सगळे राजाचेच का?' यावर इतकं भांडण झालं, की मधली सुट्टी लांबवावी लागली. (राजाच्या बाजूनं एकच मुलगा होता. त्याच्या घरचं किराणा दुकान.)

राणी फक्त खातेच का, असं तिनं विचारलं तर तुमच्याजवळ कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या ताराराणी आहेत. फोटो दाखवा. ही राणी राज्य चालवायची, लढाया आखायची. मराठीत 'राणी' म्हणजे राजाची बायकोही आणि राज्य करणारी बाईही, इंग्रजी 'क्वीन'चंही तसंच. एलिझाबेथ दुसऱ्या प्रकारची होती, आत्ताची कमिला पहिल्या प्रकारची. हा फरक पोरांना पटकन कळतो, मोठ्यांना बातम्या ऐकूनही कळत नाही.

नाक परतही येतं बरं का. काही पाठांत राजाचा वैद्य येऊन ते शिवून देतो, काहींत एक चिमुकला पक्षी ते जागेवर चिकटवतो. नातीला रात्री त्रास होत असेल तर ती ओळ जोडा. होत नसेल तर राहू द्या. पावसात भिजणाऱ्या काऊला बाहेर ताटकळत ठेवून 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' म्हणणारी चिऊ आपण किती पिढ्या मुलांना सांगितली, आणि तिच्या कठोरपणाबद्दल कुणी पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही.

बडवणाऱ्या राजाचं गाणं पत्त्यांतून शिकवा. 'क्वीन ऑफ हार्ट्स' म्हणजे आपली बदामची राणी, आणि तिचे टार्ट, म्हणजे छोटे गोड पाय, चोरणारा 'नेव्ह' म्हणजे बदामचा गुलाम. पत्त्यांचा कॅट काढा, राजा, राणी, गुलाम तिघांना ओळीनं मांडा. तुमची नात बदाम-सात खेळायच्या वयाची होईल तेव्हा हे पाहुणे तिच्या ओळखीचे असतील. राजानं मार दिला, गुलाम सुधारला, असं गाणं म्हणतं. तुम्ही विचारा, भूक लागली म्हणून चोरले असतील तर? राणीनं एक आपणहून दिला असता तर? इथे चोरणं, मागणं, वाटून घेणं, परत करणं हे शब्द आपोआप येतात. रोज दोन-तीन पुरेत. शब्द निवडताना ती उद्या डब्याच्या वेळी वापरू शकेल असा निवडा. 'काउंटिंग हाउस', म्हणजे सिक्सपेन्सच्या गाण्यातली राजाची पैसे मोजायची जागा, तिला जन्मात लागायचं नाही, 'वाटून घेणं' रोज लागतं.

यॉर्कच्या ड्यूकचं, म्हणजे बड्या सरदाराचं, गाणं जिन्यावर. दहा हजार माणसं टेकडीवर नेली आणि खाली आणली. वर असताना वर, खाली असताना खाली, आणि अर्ध्यात असताना ना वर ना खाली. जिना आहेच घरात. मधल्या पायरीवर थांबून 'आता आपण कुठे?' विचारा. अर्ध्यात, मध्ये, अधांतरी, मधल्या पायरीवर. आणि चालून दमलात की, 'मग गेले कशाला वर?' पन्हाळा चढून जायचं, काहीही न करता उतरायचं आणि त्यावर गाणं करायचं! शिवाय तुम्ही राहता लीड्सला, यॉर्क रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आसपास. तिथे उंच गवताळ टेकाडावर क्लिफर्ड्स टॉवर नावाचा जुना दगडी बुरूज आहे, चढायला पायऱ्या आहेत. गाणं त्या टेकडीचं नाही, पण तुमच्या नातीला काय फरक पडतो.

हा ड्यूक कोण, याची बरीच उत्तरं तुम्हाला मोबाईलवर सापडतील. कुणी १७९३-९४ च्या फ्लँडर्सच्या मोहिमेतला राजपुत्र फ्रेडरिक म्हणतं, कुणी १४६० साली वेकफील्डला मारला गेलेला रिचर्ड. याहून जुन्या एका पाठात टेकडी चढणारा फ्रान्सचा राजा आहे. म्हणजे माणूस बदलत गेला, टेकडी तीच. 'प्रत्येक बडबडगीतामागचं भयानक रहस्य' छापाचे व्हिडिओ पाहून नातीला इतिहास म्हणून सांगू नका, एवढंच. तुमचं पाचवं गाणं घ्या, त्यातला हम्प्टी डम्प्टी म्हणजे तोफ होती वगैरे. तो अंडं आहे असंसुद्धा गाण्यात कुठेच म्हटलेलं नाही! ते मुळात कोडं होतं, भिंतीवरून पडलं, राजाच्या घोड्यांना आणि माणसांना जोडता येईना, ओळखा मी कोण. आपण उखाणे घालायचो तसं. चित्रांनी उत्तर फोडून टाकलं. तुम्ही चित्र झाका आणि नातीला विचारा, की घोडे अंडं जोडणार तरी कसे? खुरांनी?

राहिले तुमचे 'हे'. त्यांचा राग मला कळतो, त्यांना चुकीचं म्हणणार नाही. पण त्यांनी ही गाणी एकदा नीट ऐकावीत. राजाची सगळी फौज एक अंडं जोडू शकत नाही. ड्यूक दहा हजार माणसं उगाच फिरवतो. राणीच्या स्वयंपाकघरातून भर दिवसा टार्ट जातात. राजवाड्यात उंदीर आहेत. हे पोवाडे आहेत का? ही इंग्रजांनी आपल्याच राजांची केलेली टिंगल आहे, पाळण्याजवळ बसून, जिथे कुणी पकडायला येत नाही तिथे. टोपीवाल्या उंदरानं केली तशीच.

तेव्हा पुढच्या व्हिडिओ कॉलला त्यांनाच कामाला लावा. नात मांजर होईल, तुम्ही राणी व्हा, आणि आजोबांना तिकडून उंदीर करा, टोपीसकट. गांधी टोपी चालेल. ढोलकं नसेल तर पातेलं बडवायला सांगा.